उत्तर घानातील गावासाठी विद्यार्थी-प्रकल्प: आराखडा गावाच्या वर्षावर बेतावा

आपण अमेरिकेतील एका विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहात आणि आपल्या विद्यार्थी-गटाने सुमारे १५ हजार डॉलर जमवले आहेत. उत्तर घानातील तामाले शहराजवळच्या एका गावात शाळेसाठी संगणक कक्ष आणि महिलांसाठी शिया बटर, म्हणजे शिया वृक्षाच्या बियांतील घट्ट तेल, काढण्याची यंत्रे द्यावीत, त्यासाठी जुलै महिन्यात बारा जणांनी तीन आठवडे तेथे जाऊन राहावे, असे आपले जवळजवळ ठरले आहे. हा आराखडा बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. ग्रामीण शिक्षण आणि उपजीविका यांचे काम मी अनेक वर्षे घाना आणि शेजारच्या देशांत केले आहे. त्या आधारावर सांगतो की आपण निवडलेले दोन्ही विषय योग्य आहेत, परंतु आराखडा विद्यापीठाच्या वर्षावर बेतलेला आहे, गावाच्या वर्षावर नाही. पुढे जे बदल सुचवतो आहे, ते बहुतेक सर्व या एका गोष्टीतून निघतात.

दक्षिण घानात पावसाचे दोन हंगाम असतात. उत्तरेला मात्र मे ते ऑक्टोबर असा एकच हंगाम मिळतो आणि मका, बाजरी, ज्वारी, भुईमूग, भात, याम हा कंद असे वर्षभराचे सर्व पीक त्यातूनच काढावे लागते. जुलैमध्ये शेतात खुरपणी ऐन भरात असते, मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले असते आणि नवे यायला अवकाश असतो. याच महिन्यांत हिवतापाचे रुग्ण वाढतात, गावाकडचे कच्चे रस्ते चिखलाने अडतात, आणि नेमकी याच वेळी शियाची फळे झाडाखाली गळत असतात, जी वेचण्यासाठी बायका पहाटे अंधारातच घर सोडतात. अशा वेळी बारा पाहुणे तीन आठवडे गावात राहिले, तर त्यांचे पाणी, त्यांचे जेवण आणि त्यांच्या बैठका यांचा भार ज्यांच्यासाठी प्रकल्प आखला आहे त्या बायकांवरच पडतो. त्या नाही म्हणणार नाहीत, कारण पाहुण्याला नाही म्हणण्याची तेथे रीत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हरमाटान या सहाराकडून येणाऱ्या धुळकट वाऱ्यांचा कोरडा काळ मात्र वेगळा असतो: पीक घरात आलेले असते, घरांची डागडुजी, लग्ने आणि उत्तरक्रियेचे सोहळे होतात, आणि बैठकीला लोक निवांत बसू शकतात. म्हणून पहिली भेट आपल्या हिवाळी सुट्टीत ठेवावी आणि बारा जणांऐवजी दोघातिघांनीच जावे. शाळेचे सत्र केव्हा सुरू होते, ते त्या वर्षीच्या वेळापत्रकावरून आधी पाहून घ्यावे.

आता शियाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली मोठी रक्कम तिकडे जाणार आहे. शिया हा सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत पसरलेल्या सवाना पट्ट्यातील वृक्ष आहे आणि आपल्याकडच्या मोहाच्या व चिकूच्या कुळातला आहे. मोहाच्या बियांचे तेल ज्यांनी घरी पाहिले असेल, त्यांना शियाचे बटर फारसे परके वाटणार नाही. तो सहसा कोणी लावत नाही. रानात उगवलेले झाड शेत तयार करताना राखले जाते, आणि पहिले फळ धरायला त्याला १५ ते २० वर्षे लागतात. शेतातल्या झाडाची फळे त्या कुटुंबाची आणि मोकळ्या रानातली ज्याने वेचली त्याची, असा साधारण रिवाज असतो, पण तो गावागणिक बदलतो, म्हणून विचारून घ्यावा. वेचलेल्या बिया उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, फोडून गर काढायचा, तो पुन्हा वाळवायचा, आणि बटर काढायचे असेल तर पुढे कुटणे, भाजणे, दळणे, पाण्यात तासन्‌तास हाताने फेटणे, वर आलेला स्निग्ध थर उकळून गाळणे, अशी ही सगळी कामे आहेत. साधारण ३ ते ४ किलो गरापासून १ किलो बटर मिळते, आणि त्यासाठी पाणी आणि सरपण भरपूर लागते.

यंत्र द्यावे असे आपल्याला वाटते, कारण ही मेहनत डोळ्यांना दिसते. उत्पन्न मात्र बहुतेक ठिकाणी बटर काढण्याच्या मेहनतीवर अडलेले नसते. ते अडते बिया विकण्याच्या वेळेवर. जुलै-ऑगस्टमध्ये घरात धान्य नसते, म्हणून बाई हाती आलेला गर पहिल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकते. तोच गर नीट वाळवून तागाच्या पोत्यांत, जमिनीपासून उंच ठेवला, तर काही महिने टिकतो, आणि बहुतेक वर्षी हंगाम सरल्यावर भाव चढतो. घानातून निर्यात होणारा बराचसा गर सौंदर्यप्रसाधनांसाठी जात नाही. तो चॉकलेट आणि मिठाईच्या कारखान्यांत कोको बटरला पर्याय म्हणून जातो, आणि त्या खरेदीदारांना मोठ्या प्रमाणात एकसारखा, कोरडा, अंकुर न फुटलेला माल हवा असतो. थोडक्यात, सुबक बाटलीत भरलेले बटर परदेशात विकण्याची योजना विद्यार्थ्यांना आकर्षक वाटते, परंतु त्या गावाला पहिली दोन-तीन वर्षे चांगला गर, चांगली साठवण आणि एकत्र विक्री यांतून अधिक मिळेल.

यासाठी लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. पावसात गर वाळवण्यासाठी ताडपत्री, गवतातल्या साप-विंचवांपासून बचाव म्हणून गमबूट आणि हातमोजे, तागाची पोती, तराजू, आणि कोरडी खोली एवढे प्रथम पुरेसे होते. वजनकाटा गटाचा स्वतःचा असणे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण तेथे खरेदी बऱ्याचदा भांड्याच्या मापाने होते आणि त्या मापात विकणारीचे नुकसान होते. माल बाजारापर्यंत नेणारी तीनचाकी मालवाहू गाडी, जिला तेथे सगळे मोटरकिंग म्हणतात, ती भाड्याने मिळते. विकत घेण्याची घाई करू नये.

माल राखून ठेवायचा तर जुलैमधली रोख रक्कम कुठून आणायची, हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतच तयार झालेले आहे. नायजर देशाच्या मारादी भागात १९९१ साली केअर या संस्थेने ग्रामीण बायकांचे बचत-आणि-कर्ज गट सुरू केले, आणि ती पद्धत आज खंडभर पसरली आहे. साधारण १५ ते २५ सदस्य, दर आठवड्याला ठरलेल्या रकमेचे एक किंवा अधिक हिस्से, तीन कुलपांची पेटी, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत, आणि सर्वांसमक्ष मोजणी, असे तिचे स्वरूप असते. सुमारे वर्षभराने व्याजासह सर्व रक्कम सदस्यांत वाटून टाकतात आणि नव्याने सुरुवात करतात. महाराष्ट्रातील बचत गट बँकेच्या कर्जाशी जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षे चालू राहतात. हे गट बाहेरचा पैसा न घेता चालतात आणि दरवर्षी हिशेब पूर्ण मिटवतात, हा फरक लक्षात ठेवावा. आपल्या गटातील कोणाला तरी देणगीतून त्या पेटीत थोडे भांडवल घालावेसे वाटेल. तसे कृपया करू नये. स्वतःच्या पैशावर बायका जी नजर ठेवतात, ती देणगीच्या पैशावर राहत नाही, आणि एकदा बाहेरचा पैसा आला की गट बचतीसाठी नव्हे, पुढच्या देणगीसाठी जमू लागतो. वाटपाचा महिना मात्र गटासोबत बसून ठरवावा: पेरणीपूर्वी मे महिन्यात, की मुलांच्या शाळेच्या खर्चाच्या वेळी, हे त्यांनीच सांगावे.

पावसाळ्यात सगळ्यांनाच एकदम कर्ज हवे असते, त्यामुळे पेटी अपुरी पडते. तेथे आपली रक्कम उपयोगी पडू शकते, पण वेगळ्या मार्गाने. नायजरमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून धान्य तारण ठेवून कर्ज देण्याची पद्धत रुजली. महाराष्ट्रातील वाचकांना ती ओळखीची वाटेल, कारण राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून याच तत्त्वावर चालते: माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीचा काही भाग कर्ज म्हणून घ्यायचा, आणि भाव आल्यावर विकून फेड करायची. शियाच्या गराला हेच लागू करता येते. आपल्या निधीतील निम्मी रक्कम गावाशी आधीपासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या नावाने ग्रामीण बँकेत स्वतंत्र खात्यात फिरता निधी म्हणून, म्हणजे फेड झाली की पुन्हा कर्जाऊ देता येईल अशी, ठेवावी, कर्जाचे प्रमाण पहिल्या वर्षी मालाच्या किमतीच्या निम्म्याहून कमी ठेवावे, कारण एखाद्या वर्षी भाव चढत नाही, आणि गोदामाची किल्ली एकाच व्यक्तीकडे राहणार नाही असे पाहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे काम कदाचित आपले वाटणार नाही. मला मात्र वाटते की ओलावा मोजणे, साठवणीच्या खोलीत हवा खेळती ठेवणे, पावसाळ्यात चालेल असा साधा वाळवण-सांगाडा तयार करणे, ही अभियांत्रिकीचीच कामे आहेत आणि त्यांवर एक पूर्ण सत्र सहज खर्च करता येईल.

यंत्र कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. दळण्याचे यंत्र तर बायकांचे खरोखर श्रम वाचवते. पण ते देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी असाव्यात: सुटे भाग तामालेच्या बाजारात मिळतात का, चालवणाऱ्याला मजुरी कोण देणार, आणि दळणाच्या दरातून दुरुस्तीसाठी दरमहा किती बाजूला पडणार. मालीमध्ये १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने गावोगावी बायकांच्या गटांना एकाच डिझेल इंजिनावर चक्की आणि भरडणी चालवणारी संयंत्रे दिली गेली. कल्पना चांगली होती, अनेक गावांत तिचा उपयोगही झाला, पण जिथे दुरुस्ती आणि हिशेब यांची व्यवस्था उभी राहिली नाही तिथे इंजिने बंद पडली. हापशांचेही असेच आहे. १९६० च्या दशकात जालन्यातील मिशनरी कार्यकर्त्यांनी आणि त्यानंतर सोलापुरातील कारागिरांनी जो मजबूत हातपंप घडवला, त्यातून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क २ हा पंप तयार झाला, आणि त्याची सुधारित आवृत्ती घानाच्या मान्य पंपांमध्ये आहे. पंप उत्तम आहे. तरीही ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या रूरल वॉटर सप्लाय नेटवर्कने २००९ साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी एक तृतीयांशाहून अधिक हातपंप बंद आढळले. ज्या गावात आपण जाणार आहात तिथे बंद पंप असेल, तर तो का बंद आहे, हे शोधणे हा आपल्या गटाचा पहिला अभ्यास ठरावा. नवीन यंत्राचे पुढे काय होईल, याचा अंदाज त्याच उत्तरातून येईल.

शाळेच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. संगणक कक्षाची रक्कम आत्ता वाचनाकडे वळवावी. हरमाटानची बारीक धूळ, अनियमित वीज आणि दुरुस्तीचा खर्च या अडचणी आहेतच, पण मूळ कारण वेगळे आहे: ज्या शाळेत चौथी-पाचवीतील अनेक मुले साधा परिच्छेद वाचू शकत नाहीत, तिथे पडद्यावरचे इंग्रजी त्यांच्या उपयोगाचे नाही. घानात बालवाडीपासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यासाठी ११ भाषांना मान्यता आहे आणि तामाले परिसरातील दागबानी त्यांपैकी एक आहे. चौथीपासून मात्र माध्यम इंग्रजी होते. दागबानीत वाचता येण्याआधीच इंग्रजी आले, तर मूल दोन्हीकडे मागे पडते.

येथे दोन अनुभव आपल्या कामाचे आहेत. पहिला त्याच भागातला आहे. १९९५ पासून उत्तर घानात स्कूल फॉर लाइफ या संस्थेने शाळेबाहेर राहिलेल्या ८ ते १४ वयोगटातील मुलांसाठी नऊ महिन्यांचे वर्ग चालवले, तेही मातृभाषेतून, गावातीलच शिक्षकाकडून आणि मुले घरकाम व शेतकाम उरकून येऊ शकतील अशा दुपारच्या वेळी. वर्गाची वेळ आणि महिने गावाच्या कामाशी जुळवलेले असल्यामुळेच मुले टिकली, आणि अनेकजण पुढे नियमित शाळेत दाखल झाली. दुसरा अनुभव मुंबईत सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात स्थापन झालेल्या प्रथम या संस्थेने मुलांना इयत्तेनुसार नव्हे, तर त्यांना प्रत्यक्ष काय येते त्यानुसार गटांत बसवून वाचन आणि गणित शिकवण्याची पद्धत विकसित केली. घानाच्या शिक्षण सेवेने २०१० नंतर स्थानिक तरुणांना शाळांत साहाय्यक म्हणून नेमून ती मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आणि मुलांच्या वाचनात व गणितात सुधारणा नोंदली गेली. आज ही पद्धत कोत दिव्वारसह आफ्रिकेतील अनेक देशांत वापरली जाते. आपल्या गटातील मराठी विद्यार्थ्यांना यातील साहित्य आणि माणसे दोन्ही जवळची आहेत, त्याचा उपयोग करून घ्यावा.

प्रत्यक्षात हे असे होऊ शकते. गावातील, शालेय शिक्षण पूर्ण केलेले दोन तरुण किंवा तरुणी मुख्याध्यापकांच्या संमतीने साहाय्यक म्हणून निवडावेत, त्यांना प्रशिक्षण मिळावे, आणि त्यांचे मानधन किमान दोन वर्षांसाठी आधीच बाजूला ठेवावे. सहा महिन्यांचे मानधन देऊन थांबणे हे न देण्यापेक्षा वाईट. पुस्तके अमेरिकेतून खोक्यांत भरून पाठवू नयेत. १९५१ पासून काम करणाऱ्या ब्युरो ऑफ घाना लँग्वेजेस या सरकारी संस्थेची स्थानिक भाषांतील पुस्तके घ्यावीत, आणि त्याखेरीज आफ्रिकन स्टोरीबुक व प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर या संकेतस्थळांवरील खुल्या परवान्याच्या (मोफत भाषांतर करून छापता येणाऱ्या) गोष्टी गावातील शिक्षकांकडून दागबानीत आणून तामालेत छापून घ्याव्यात. आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून, मुलांच्या चित्रांसह छापल्या, तर फारच चांगले. संगणक हवेच असतील तर प्रथम एक प्रिंटर आणि एक संगणक शिक्षकांसाठी द्यावा.

मोठ्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो शियाशी थेट जोडलेला आहे. घानात २०१७ पासून उच्च माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले, ही मोठी गोष्ट आहे; तरी वसतिगृहात जाताना लागणारी लोखंडी पेटी, खाऊचा खोका, गादी, भांडी आणि प्रवास हा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. तो न जमल्यामुळे जागा मिळूनही न गेलेल्या मुली प्रत्येक गावात भेटतात, आणि त्यांपैकी काही दक्षिणेकडील आक्रा किंवा कुमासी शहराच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहण्यासाठी जातात. बचत गटाचे वाटप किंवा राखून ठेवलेल्या गराची विक्री या खर्चाच्या वेळी हाती आली, तर आईच्या कमाईतून मुलगी शाळेत पोहोचते. वेगळी शिष्यवृत्ती जाहीर करण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण शिष्यवृत्तीसाठी काही मुली निवडाव्या लागतात आणि ती निवड बाहेरच्यांनी केली की गावात कटुता राहते.

आता जाण्याविषयी. तामालेत १९९२ साली स्थापन झालेले युनिव्हर्सिटी फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे गावात राहायला पाठवते, आणि पुढच्या वर्षी ते त्याच गावात परत जातात. आधी गावाची सविस्तर माहिती, मग अडचणींचा अभ्यास आणि त्यावरील प्रस्ताव, असा त्यांचा क्रम असतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरापेक्षा हे बरेच सखोल काम आहे. यांपैकी अनेक विद्यार्थ्यांना दागबानी येते, परिसर माहीत असतो, आणि आपण परतल्यानंतरही ते तेथेच असतात. आपल्या गटाने त्यांच्याबरोबर बरोबरीच्या नात्याने भागीदारी करावी, खर्चात त्यांच्या प्रवासाचा वाटा धरावा, आणि अहवालावर त्यांचीही नावे असावीत. बाहेरून कल्पना नेण्याच्या उत्साहात गावात आधीच काय चालू आहे, याकडे दुर्लक्ष होते, म्हणून शेजारच्या बुर्किना फासोचे एक उदाहरण सांगतो: यातेंगा भागातील याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात कोरड्या हंगामात खड्डे खणून त्यांत खत घालण्याची जुनी पद्धत सुधारली आणि टणक, ओसाड जमिनीवर पीक आणि जंगल उभे केले, त्यांना २०१८ साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. असे लोक प्रत्येक भागात कमीअधिक असतातच, आणि त्यांना भेटण्यासाठी पहिल्या भेटीतले निदान दोन दिवस राखून ठेवावेत.

गावात पोहोचल्यावर प्रथम गावप्रमुखाकडे, म्हणजे चीफकडे, जाऊन मान म्हणून कोला नट (कोला झाडाच्या बिया) देऊन भेट घ्यावी. मग बायकांच्या प्रमुखाला, जिला मागाझिया म्हणतात, स्वतंत्रपणे भेटावे, कारण चीफच्या अंगणातील सभेत बायका मनातले बोलतीलच असे नाही. शाळेत काम करण्यासाठी जिल्हा शिक्षण कार्यालयाची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती आवश्यक आहे. मुलांची छायाचित्रे निधी गोळा करण्यासाठी वापरायची असतील, तर पालकांना कशासाठी ते सांगून विचारावे, आणि पालकांना समोर बसून पाहायला संकोच वाटेल असे एकही चित्र वापरू नये. वर्गात परदेशी विद्यार्थ्यांनी तीन आठवडे शिकवण्याचा बेत पूर्ण सोडून द्यावा. शिक्षकाचा वर्ग तोडून पाहुण्यांच्या हाती देणे मुलांच्या हिताचे नाही.

फिरत्या निधीत ठेवलेली रक्कम सोडून, पहिल्या वर्षी १५ हजार डॉलरपैकी एक तृतीयांशाहून अधिक खर्च करू नये, आणि मूळ बेतातील बाराजणांच्या विमानप्रवासात जाणारे पैसे या हिशेबात प्रामाणिकपणे मांडावेत; ते बहुधा प्रकल्पाच्या रकमेहून जास्त भरतील. पुढची तीन वर्षे गटात कोण राहणार, पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी नव्यांना काम कसे सोपवणार, हे निधी पाठवण्याआधी लिहून काढावे, आणि दरवर्षी तोच महिना भेटीसाठी ठेवावा, म्हणजे गावालाही त्यानुसार तयारी करता येते.

सुरक्षितता आणि आरोग्य याबद्दल थोडेच सांगतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर येथील सशस्त्र संघर्षामुळे विद्यार्थ्यांनी सध्या त्या देशांत जाऊ नये, आणि घानाच्या ईशान्येकडील बाव्कूचा परिसरही टाळावा. तामालेच्या आसपास काम करताना स्थानिक संस्थेचा सल्ला मानावा. हिवतापाची प्रतिबंधक औषधे डॉक्टरांना विचारून वेळेत सुरू करावीत. पिवळ्या तापाची लस प्रवासापूर्वी किमान १० दिवस घेतलेली असावी, कारण तिचे प्रमाणपत्र घानात प्रवेश करताना लागते. आणि आपल्यापैकी जे घानातून थेट भारतात घरी जाणार असतील, त्यांच्याकडे ते नसेल तर मुंबई विमानतळावर उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून मूळ प्रमाणपत्र हातातल्या सामानात पारपत्रासोबत ठेवावे.